धावणाऱ्या लेकीचा खुराक



या खेपेला खरिपाच्या बियाण्याविषयी लिहायचे ठरवले होते. पण आष्टी तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आणि तो विषय मी पुढच्या अंकावर ढकलला. पत्र थोडक्यात असे आहे :

"भाऊ, माझी मुलगी बारावी झाली. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर पळते. आता पंधरा दिवस झाले, पिंढऱ्या दुखतात म्हणून मधूनमधून बसून राहते. शिकवणीच्या सरांनी सांगितले की अमिनो ॲसिडचा डबा घ्या, त्याशिवाय अंग धरत नाही. डबा साडेतीन हजारांचा आहे आणि महिनाभर पुरतो. आमच्याकडे एक म्हैस आणि दोन शेळ्या आहेत. मालक म्हणतात, एक शेळी विकू. विकावी का?"

ताई, उत्तर आधी सांगतो आणि कारण मागून. शेळी विकू नका. तुमच्या मुलीला अमिनो ॲसिड हवेच आहे, सरांचे तेवढे म्हणणे खरे आहे. पण ते तुमच्या घरात आहे. फक्त ते तिच्या ताटात येते की नाही, हे पाहायला हवे.

आता कारण ऐका. हे पत्र एका घरचे असले तरी प्रश्न गावोगावचा आहे. आज बीड जिल्ह्यात कुठल्याही गावाच्या शिवेवर पहाटे जा, पोरे-पोरी पळताना दिसतील. कुणाला पोलिसात जायचे आहे, कुणाला सैन्यात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे मीटर. काही सेकंदांवर नोकरी मिळते किंवा हुकते. म्हणून कुणी काही सांगितले की आईबाप कर्ज काढूनही आणून देतात.

अमिनो आम्ल म्हणजे काय?

आपण पिकाला युरिया टाकतो, म्हणजे नत्र देतो. पीक त्या नत्रापासून अमिनो आम्ले तयार करते, आणि अमिनो आम्ले एकाला एक जोडून प्रथिन तयार होते. तूर, हरभरा, मूग, मटकी या पिकांना तर फारसा युरियाही लागत नाही. जोमात असलेले तुरीचे झाड अलगद उपटून मुळे पाहा. त्यावर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर समजा की आतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देत आहेत. डाळीत प्रथिन भरपूर असते त्याचे मूळ या गाठीत आहे.

माणसाचे स्नायू प्रथिनाचेच बनलेले असतात. प्रथिनाची भिंत धरली, तर अमिनो आम्ले म्हणजे तिच्या विटा. या विटा वीस जातींच्या आहेत. त्यातल्या अकरा जाती शरीर स्वतः घडवू शकते. उरलेल्या नऊ मोठ्या माणसाच्या शरीराला घडवता येत नाहीत, त्या खाण्यातूनच याव्या लागतात. म्हशीचे तसे नाही. तिच्या पोटात जिवाणूंचा कारखाना आहे. वाळला कडबा आणि थोडी पेंड खाऊन ते जिवाणू तिला सगळी आम्ले करून देतात. आपल्याला ती सोय नाही. आपण म्हशीचे दूध पितो तेव्हा तिने केलेल्या कामाचा फायदा घेतो.

पळाल्यावर काय होते?

जोरात पळाले, उड्या मारल्या, गोळा फेकला की स्नायूंतले धागे कुठे कुठे विरतात. हे दुखणे लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणक जास्त असते. नांगरटीच्या पहिल्या दिवसानंतर आपल्यालाही हाच अनुभव येतो. मग शरीर जुन्या, विरलेल्या विटा काढून नव्या बसवते, आणि सराव बेताने वाढवला तर पहिल्यापेक्षा मजबूत बसवते. मेहनतीनंतर हे काम चोवीस तास आणि त्याहूनही अधिक काळ चालू असते. म्हणजे पोरगी पळते तेव्हा ताकद वाढत नाही. ती जेवते आणि झोपते तेव्हा वाढते.

या डागडुजीचे मोल काय असते, ते आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे शेतकरी घरातले. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेले. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली. पळण्याच्या शर्यतीत उतरले ते 2015 च्या सुमारास, सैन्यात असतानाच. त्यांची शर्यत स्टीपलचेसची. तीन हजार मीटर पळायचे, आणि वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. 2018 साली त्यांनी या शर्यतीतला गोपाळ सैनी यांचा सदतीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतले. 2024 साली पॅरिसमध्ये 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

पण आजच्या विषयाला मला 2023 ची हांगझोऊची आशियाई स्पर्धा महत्त्वाची वाटते. 1 ऑक्टोबरला साबळ्यांनी स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर तीनच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, पाच हजार मीटर पळून रौप्यपदक मिळवले. मधल्या तीन दिवसांत शरीर सावरले नसते, तर दुसरे पदक आले नसते. खेळाडूची अर्धी परीक्षा मैदानावर होते आणि अर्धी दोन शर्यतींच्या मधल्या वेळात. तुमच्या मुलीच्या पिंढऱ्या पंधरा दिवस दुखतात, याचा अर्थ ती दुसऱ्या परीक्षेत मागे पडते आहे.

भाकरीला जोडीदार हवा

आता म्हणाल, आमची पोर भाकरी खातेच की. खाते. बाजरीत शंभर ग्रॅमला सुमारे अकरा ग्रॅम प्रथिन असते, ज्वारीत दहा. ते कमी नाही. पण नऊ आम्लांपैकी लायसिन नावाचे आम्ल भाकरीत कमी पडते. बैलजोडीतला एक बैल कितीही तगडा असला, तरी गाडी चालते ती दुसऱ्या अशक्त बैलाच्या चालीने. तसेच प्रथिनाचे आहे. जे आम्ल सर्वांत कमी, तेवढ्याच मापाने शरीर बाकीची वापरते.

डाळीचे याच्या उलट आहे. तिच्यात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन नावाचे आम्ल कमी. ते भाकरीत पुरेसे असते. म्हणून भाकरी आणि वरण, भाकरी आणि मटकीची उसळ, भाकरी आणि पिठले अशी जोडी लावली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी पुरते. दूध आणि अंड्यात मात्र नऊच्या नऊ आम्ले योग्य मापात असतात.

ज्यांच्याकडे कोंबड्यांची शेड आहे त्यांना हे नवीन नाही. कोंबडीच्या खाद्यात मक्याबरोबर सोयापेंड असते, आणि वरून मेथिओनिन मोजून टाकतात. एवढे आम्ल कमी पडले तर पक्ष्याचे वजन भरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. कोंबडीचा हिशेब आपण ठेवतो. लेकीचा ठेवत नाही.

ताटाचा हिशेब

तो हिशेब आज करू. साध्या कामाच्या माणसाला वजनाच्या दर किलोला रोज साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिन पुरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा 0.83 ग्रॅम आहे. रोज कसून सराव करणाऱ्याला किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम लागते. मुलगी पन्नास किलोची धरली तर साठ ते ऐंशी ग्रॅम झाले. आता घरातल्या जिनसा मांडा :

बाजरी-ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे पीठ तीनशे ग्रॅम : प्रथिन सुमारे 30 ग्रॅम.
डाळ किंवा उसळ, कच्ची मोजून शंभर ग्रॅम : सुमारे 22 ग्रॅम.
शेंगदाणे पन्नास ग्रॅम : सुमारे 12 ग्रॅम.
म्हशीचे दूध अर्धा लिटर : सुमारे 18 ग्रॅम.

बेरीज ब्याऐंशी ग्रॅम. डबा न घेता हिशेब पुरा झाला. ज्यांच्याकडे दूध नाही पण अंडी चालतात, त्यांनी अर्ध्या लिटर दुधाऐवजी तीन अंडी धरावीत.

आता दुसरी बाजू पाहा. मुलगी भाकरी आणि चटणीवर भागवत असेल, वरण म्हणजे पिवळे पाणी असेल आणि दूध सगळे डेअरीवर जात असेल, तर बेरीज पस्तीस-चाळीसवर थांबते. म्हणून पाय दुखतात. अशा ताटावर साडेतीन हजारांचा डबा ठेवला तरी ताट अपुरेच राहते.

आणखी एक ध्यानात ठेवा. पोटच भरले नाही, तर शरीर प्रथिन जाळून उष्णता मिळवते. तुराट्या संपल्या म्हणून घराची चौकट चुलीत घालण्यातला हा प्रकार. त्यामुळे भाकरी, गूळ, तेल यांत काटकसर करून नुसते प्रथिन वाढवू नका.

आपल्या ज्या भागात सोयाबीन पिकते, तिथे दाण्यात शंभराला छत्तीस-सदतीस ग्रॅम प्रथिन असते. पण कच्चे सोयाबीन खाऊ नये. प्रथिन पचवणाऱ्या रसाला अडवणारा एक पदार्थ त्यात असतो. दाणे भिजवून, वीसेक मिनिटे उकळून, वाळवून, भाजून मग दळावेत. नऊ किलो गव्हात असे एक किलो सोयाबीन घातले की पोळीची चव बिघडत नाही.

कधी द्यावे?

दिवसाचे सगळे प्रथिन रात्रीच्या एका जेवणात ढकलू नये. तीन-चार वेळा वाटून, प्रत्येक वेळी वीस ग्रॅमच्या आसपास द्यावे. पळून आल्यावर अर्ध्या तासातच घेतले पाहिजे अशी घाई नाही, पण दोन तास उपाशीही ठेवू नये. मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि पेलाभर दूध एवढ्यावर भागते. दुपारी भाकरी आणि घट्ट वरण. संध्याकाळी उसळ. निजताना पुन्हा कपभर दूध. आठवड्यात एक दिवस पळणे पूर्ण बंद ठेवावे आणि रोज आठ तास झोप घ्यावी. झोप नसेल तर विटा येऊन पडतात, पण बांधकाम होत नाही.

ताई, दोन सूचना तुमच्यासाठी वेगळ्या देतो. मुलीला डांबरीवरून काढून मातीच्या रस्त्यावर पळवा. आणि नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवले की कळ येत असेल, तर ते स्नायूचे दुखणे नव्हे. पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. शिवाय तिला लवकर धाप लागत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. रक्तात लोह कमी असले तर कितीही प्रथिन देऊन उपयोग नाही.

डब्यात काय असते?

डबेही सारखे नसतात. एका प्रकारात दुधापासून काढलेली भुकटी असते. चीज करताना दुधाचे जे पाणी उरते, त्यातले हे प्रथिन. ते चांगले असते आणि लवकर पचते. ज्या पहिलवानाला एवढे जेवण जातच नाही, त्याला त्याचा उपयोग होतो. पण तो शेवटी दुधाचाच भाग आहे, आणि दूध तुमच्या गोठ्यात आहे.

दुसऱ्या प्रकारात फक्त तीन आम्ले असतात. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन. त्यांचाच बोलबाला फार. यातले ल्यूसिन गवंड्याला हाक मारून कामाला लावते, हे खरे. पण नवांपैकी तीनच जाती दिल्या तर गवंडी येऊन बसेल आणि बाकीच्या सहा विटांची वाट पाहील. जेवण पुरेसे असेल तर या डब्याने वेगळे काही मिळत नाही.

एकच आम्ल फार झाले तर काय, याचा विचार आपल्याकडेच पूर्वी झाला आहे. दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा कातडीचा रोग होई. ज्वारीत ल्यूसिन जास्त असल्याने तो होत असावा, असे 1960 साली हैदराबादचे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी मांडले. पुढे त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. म्हणून ज्वारीला भिऊ नका. डाळ-दुधाबरोबर ज्वारी उत्तमच आहे. सांगायचे ते इतकेच की शरीराला एका आम्लाचा ढीग नको, सगळ्यांचा मेळ हवा.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची मार्गदर्शक सूत्रे नव्याने काढली. त्यातही अंग कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात असे सांगितले आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवूच नये. आणि खेळाडूंना आणखी एक धोका आहे. डब्यात निषिद्ध औषधाची भेसळ निघाली, तर बंदी खेळाडूवर येते. "मला ठाऊक नव्हते" ही सबब तिथे चालत नाही. एवढे होऊनही डबा घ्यायचाच असेल, तर अन्नसुरक्षा खात्याचा परवाना क्रमांक आणि पक्के बिल पाहिल्याशिवाय घेऊ नका.

शेवटी एक कबुली

नोकरीत लागलो तेव्हा गावोगाव दुभत्या जनावरांच्या आहाराचे तक्ते लावत असे. दहा लिटरच्या म्हशीला किती पेंड, किती कडबा, किती क्षार. एकदा पाटोद्याकडच्या एका वस्तीवर असा तक्ता समजावून सांगत होतो. एक म्हातारी कडेला बसून ऐकत होती. सगळे झाल्यावर ती म्हणाली, "सायेब, म्हशीला किती ते सांगितलं. आता माझी नात ऊस तोडाया जाती, तिला किती ते बी सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेतकीची पदवी घेतली होती, पण त्या पोरीचा तक्ता मी कधी केलाच नव्हता. लोक हसले, मीही हसलो. पण ते हसू घरी येईपर्यंत टिकले नाही. माझ्या स्वतःच्या घरातही निजताना दुधाचा पेला मुलाच्या हातात जाई, आणि मुलीला चहा. कुणी ठरवून केले नव्हते. पण तसे होत होते, आणि मी ते रोज पाहत होतो.

पहाटे पळणारी पोरगी आणि फडात मोळ्या वाहणारी पोरगी, दोघींच्या अंगाला एकच नियम लागू आहे. झीज जेवढी, तेवढी भरपाई हवी. पहिलीची वेळ घड्याळ लावून मोजतात, दुसरीची कुणी मोजत नाही, एवढाच फरक. पाटोद्याच्याच मातीतले राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आले. पहिलवानाच्या खुराकाची काळजी आपल्याकडे सारे घर वाहते. दूध, तूप, बदाम, काही कमी पडू देत नाही. ही काळजी चांगलीच आहे. ती लेकीपर्यंत पोहोचावी, एवढेच म्हणणे आहे.

तेव्हा ताई, मालकांना सांगा की शेळी राहू द्या. म्हशीचे दूध डेअरीवर न्यायच्या आधी अर्धा लिटर काढून ठेवा, आणि त्या भांड्यावर मुलीचे नाव घाला. वरण जरा घट्ट करा. शेंगदाण्याचा डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा. महिनाभर हे करून पाहा आणि तिचे आठशे मीटर किती मिनिटांत होतात ते मला कळवा. चांगले झाले तर कळवाच. नाही झाले तरी कळवा, म्हणजे कुठे चुकले ते पुन्हा पाहू.

बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, ते पुढील अंकी.

कळावे.